अकराव्या व्हिडिओतलं घासपाऊल

५ फेब्रुवारी

वन्सं,

‘पाया पडते’ लिहून सुरुवात करणार होते, पण सध्या माझे पाय कुठे पडतील याचा भरवसा नाही. तेव्हा नुसता नमस्कार घ्या.

पेनड्राइव्ह पोचला. सोबतची तंबीही पोचली, की शंका फोनवर विचारायच्या नाहीत, तुमच्या क्लासात त्या लिहूनच द्यायच्या असतात, लिहिताना अर्ध्या आपोआप सुटतात. माझी एकही सुटली नाही. हे पत्र म्हणजे शंकांचं गाठोडंच समजा.

डॉक्टरीणबाईंनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितल्यापासून तुमचे बंधुराज मला काचेच्या बरणीसारखं वागवतायत. बावीस वर्षं कारखान्यात हातात खडू घेऊन उभ्याने कपडे बेतते आहे, आता म्हणे चढउतार करा, नाचा, हाडं भरतील. म्हणून तुमच्या स्टेप-एरोबिक्सचा तो प्लास्टिकचा पाट आणला, खाली दोन्हीकडे ठोकळे लावले, जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं आणि तुमचा पहिला व्हिडिओ लावला. तुम्ही ‘उजवा!’ म्हणून ओरडता आणि चढता डावा. मी तुमच्या पायाकडे बघू की तोंडाकडे? ‘व्ही-स्टेप’ला मी पाटावरून उतरले ती थेट सोफ्यावर. सोफ्यावर आधीच तुमचे बंधुराज होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तरी हट्टाने तिसऱ्या व्हिडिओपर्यंत आले आहे. बत्तीस मोजांचं एक कडवं, अशी सहा कडवी, आणि बाराव्या व्हिडिओत सगळी सलग. वीस एप्रिलला संस्थेच्या परीक्षक तुमच्या हॉलवर येणार आहेत ना? त्यांना पसंत पडलं तर पुढची पाच वर्षं क्लास तुमचा, नाहीतर त्या नव्या बाईंचा, असं हे म्हणत होते. त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत उभी असणार. बघाच.

तुमची खडू


१२ फेब्रुवारी

खडूबाई,

त्याला पाट म्हणू नकोस, त्यावर जेवायला बसायचं नाहीये. स्टेप म्हण. जाऊ दे, तू ऐकणार नाहीस.

मी तुझ्यासमोर उभी आहे, म्हणजे मी तुझा आरसा. माझा डावा तो तुझा उजवा, आणि मी बोलते ते तुझ्या बाजूने बोलते. तोंडाकडे बघू नकोस, तोंड काही चढत नाही. माझ्या गुडघ्यांकडे बघ. आणि मोज. मोठ्याने मोज. ज्या बाया मनात मोजतात त्या सहाव्या आकड्यावर हमखास बाजारात पोचलेल्या असतात.

ठोंब्याला सांग, टाळ्या वाजवायच्या तर ठेक्यात वाजव. लहानपणापासून त्याला ताल नाही.

वीस तारखेचं बरोबर ऐकलंस. चाळीस बाया, चाळीस स्टेप, सहा कडवी सलग, आणि मी समोर. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हे झेपतं का ते बघायला येतायत, दुसरं काही नाही. नवी बाई तिशीतली आहे, रबरासारखी वळते. मी तिला हॉलच्या किल्ल्या देणार नाही. एकोणीस वर्षं तो हॉल मी सकाळी सहाला उघडलाय. सकाळी तिथे जायचं नसेल तर मी उठायचंच कशाला, हे मला खरंच कळत नाही.

तेव्हा शीक. मागच्या रांगेत नाही, दुसऱ्या रांगेत उभी करीन.

वन्सं


२ मार्च

वन्सं,

आता टाळ्या बंद झाल्या आहेत. काल चार कडवी सलग केली आणि हे पेपर खाली ठेवून बघत बसले. मी अशी फुशारले की विचारू नका.

मला एक सोय सापडली. बेताला जशा खुणा करतो तशा करते. मोठा तपकिरी कागद जमिनीवर, त्यावर पाटाचा चौकोन, आणि प्रत्येक मोजाला पाऊल कुठे पडतं ते खडूने. डावं निळं, उजवं पांढरं. तुमचे बाराही व्हिडिओ आता माझ्याकडे कागदावर आहेत. कारखान्यातल्या बायका म्हणतात, ही आता माणसंही बेतणार.

त्यातूनच शंका निघाली. अकराव्या व्हिडिओत डावा पाय चढताना तुम्ही चवडा आधी कडेला घासता आणि मग वर ठेवता. सर्रर्र करून. त्या पावलाला काय म्हणतात? तोंडाने तर तुम्ही काहीच सांगत नाही. मी मागे जाऊन तपासलं. पहिल्या सहांत ते कुठेच नाही. सातव्यात एकदा, नवव्यात चारदा, अकराव्यात डावा पाय चढतो तेव्हा प्रत्येक वेळी. मी निळ्या पावलामागे एक शेपूट काढून ठेवली आहे, पण नाव माहीत नाही म्हणून अडलं.

ते जमायलाही अवघड आहे हो. मुद्दाम घासायचं म्हटलं की तोल जातो. तुम्ही किती सहज करता!

खडू


१० मार्च

खडू,

तुझी नजर म्हणजे नजर आहे. चाळीस जणींपैकी एकीनेही विचारलं नव्हतं.

ते घासपाऊल. नवीन आहे, मीच बसवलंय. ताल मोजता आला की त्याला थोडा आवाज द्यायचा, म्हणजे सगळ्या जणी एकमेकींच्या पायांना धरून राहतात. एकदम शिकवलं तर गोंधळ होतो, म्हणून सातव्यापासून थोडं थोडं वाढवत नेलंय. पहिले सहा गेल्या वर्षीचे, तेव्हा सुचलं नव्हतं. तू शोधून काढलंस ते बरं झालं. मी परवा क्लासात नाव सांगून सगळ्यांकडून करून घेतलं. आता व्यवस्थित आवाज येतो.

तुझ्या कागदावरची शेपूट राहू दे. शेपूट बरोबर आहे.

पाचव्या कडव्यात जपून. तिथे पाठमोरं वळत स्टेप ओलांडायची आहे, डावा पाय पुढे, आणि खाली बघायला वेळ नाही. भिंतीपासून लांब कर. आणि तू मला बाकीचं काय ते विचार, या पावलाचं पुरे. ठोंब्याला यातलं काही सांगत बसू नकोस, तो उगाच काहीतरी बोलतो.

मी बरी आहे. जरा दमते. परीक्षा जवळ आली की सगळेच दमतात.

वन्सं


२८ मार्च

वन्सं,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, रागवायचं तर शेवटी रागवा.

रविवारी सकाळी मी घासपाऊल घोटत होते. व्हिडिओचा आवाज बंद, गाणं नाही, नुसतं मोजणं. एक सर्रर्र दोन. तीन सर्रर्र चार. हे मोरीत दाढी करत होते. अचानक बाहेर आले. तोंडाला फेस, हातात रेझर, आणि दारात उभं राहून म्हणाले, ‘बाबा?’

असे म्हणाले, वन्सं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली आणि हा माणूस दारात उभा राहून हाक मारतोय.

मग त्यांनी मला पाटावर बघितलं. म्हणाले, हे चालणं तुला कोणी शिकवलं? मी म्हटलं, वन्संनी. ते खाली बसले. जमिनीवरच. फेस तसाच वाळला. मी पुसायला गेले तर माझा हात धरून ठेवला.

मी खुळी. सहा वर्षं बाबांचं सगळं मी केलं, त्यांच्या स्लिपरचा आवाज माझ्या कानांत असायला हवा होता. बाबांचा हात पुढे कापायला लागला, म्हणून सगळ्यांना हातच लक्षात राहिला. पण आधी पाय घासायचा. डावाच. आणि मी तो खडूने कागदावर उतरवला, शेपटीसकट, आणि तुम्हाला म्हटलं किती सहज करता.

ते मुद्दाम नाही ना? खरं सांगा. मला नाव नकोय आता.

हे लगेच गाडीत बसणार होते. मी अडवलं. म्हटलं, तुमची बहीण आहे, दारात उभं करून विचारलंत तर ती सात जन्म बोलणार नाही. मी लिहिते. दहा एप्रिलपर्यंत मी त्यांना थोपवीन. तोवर एकदा डॉक्टरांकडे जा. हात जोडते.

खडू


३ एप्रिल

खडू,

तू कपडे बेत. माणसं बेतू नकोस.

घासपाऊल आहे म्हटलं, तर घासपाऊल आहे. एकोणीस वर्षं शिकवतेय, पाय कुठे ठेवायचा ते मला तू सांगणार? दोन महिने झाले तुला पाटावर चढून. आणि तो ठोंब्या, त्याला घुंगरू आणि घंटा यातला फरक कळत नाही, त्याने एक आवाज ऐकला आणि तुम्ही दोघांनी मला बाबांच्या खुर्चीत नेऊन बसवलंत. पांघरूणही घातलं असेल.

तू सहा वर्षं केलंस, मान्य. हजारदा मान्य. मी महिन्यातून एकदा यायचे, पाहुणीसारखी, फळं आणायचे आणि संध्याकाळची गाडी धरायचे. त्याचं उट्टं असं काढू नकोस. मला माहीत आहे बाबांचं काय झालं. चमचा धरता येईना ते मी पाहिलंय. तुला काय वाटतं, मी ते विसरलेय म्हणून नाचतेय?

वीस तारखेपर्यंत मला कोणी काही विचारायचं नाही. वीसनंतर हवं तर साखळीने बांधून न्या. पण त्या आधी ठोंब्या हॉलवर आला, किंवा तू कोणाला एक शब्द जरी बोललीस, तर आपला संबंध संपला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. नीट विचार करून लिहितेय.

पत्राचं उत्तर नको.

वन्सं


१४ एप्रिल

वन्सं,

उत्तर नको म्हणालात, पण लिहायलाच हवं. अक्षर वेडंवाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितेय.

शुक्रवारी मी बारावा व्हिडिओ लावला. सहाही कडवी सलग. मला बघायचं होतं, तुम्ही वीस तारखेला जे करणार ते जसंच्या तसं केलं तर काय होतं. चार कडवी झाली. पाचव्यात पाठमोरं वळताना चवडा कडेला अडकला आणि पाट माझ्याबरोबर उलटला. उजवं मनगट दोन जागी मोडलं आहे. प्लॅस्टर आहे. दोन महिने कात्री धरायची नाही.

दोष देत नाही. पण मी ते पाऊल तुमच्यासारखं शिकले, अगदी तुमच्यासारखं, आणि ते पाऊल त्या जागी पाडतं. तुम्हीही तिथेच पडाल.

आणि वन्सं, तुम्ही ते चाळीस जणींना शिकवलंय.

ह्यांना मी अजून थोपवून धरलं आहे. हात मोडलेल्या बाईचं नवरे ऐकतात. कोणाला काही बोलले नाही. तुम्ही शब्द घेतला नव्हता, तरी पाळला. आता तुम्हीच ठरवा.

खडू


२१ एप्रिल

खडू,

तुझं पत्र सतराला मिळालं. वाचलं, घडी घातली, कपाटात ठेवलं आणि वर चादरी ठेवल्या. मी अशी बाई आहे, तुला सांगून ठेवते.

घासपाऊल नाही ते. कधीच नव्हतं. ऑगस्टात पहिल्यांदा अडखळले, म्हटलं बूट. बूट बदलले. मग म्हटलं दमले. मग तुझं ते पत्र आलं, नाव काय म्हणून, आणि खरं सांगू, मला इतका आनंद झाला. नाव दिलं की ते माझं होईल असं वाटलं. मी ठरवून करतेय, मला होत नाहीये. एक रात्र तरी मी त्यावर गाढ झोपले.

काल हॉल भरला होता. परीक्षक दोघी, समोर टेबल, पाण्याचे ग्लास, कडेला ती नवी बाई. मी ठरवलं होतं, पाचव्यात डाव्याऐवजी उजवा पुढे घेईन, कोणाला कळणार नाही. पहिली दोन कडवी छान गेली. तिसऱ्यात गाणं मध्येच हळू होतं ना, नुसता ठेका राहतो? तिथे मला त्या ऐकू आल्या. चाळीस बाया. चाळीस डावे पाय, सर्रर्र. माझ्या बायका, खडू, धडधाकट, कोणी पस्तिशीतली, कोणी नातवंडं असलेली, आणि अख्खा हॉल बाबांसारखा चालत होता. मीच शिकवलेलं. किती मन लावून करत होत्या!

आणि चौथं संपलं की पाचवं येणार होतं.

मी जाऊन गाणं बंद केलं. चाळीस जणी एक पाय वर, एक खाली, अशा थांबल्या. मी म्हटलं, बायांनो, डाव्या पायाचं ते घासणं सोडून द्या, ती स्टेप नाही, ते माझं दुखणं आहे. मी खोटं शिकवलं. माझ्या भावजयीचा हात मोडला त्यापायी. मग पहिल्या रांगेतली बँकेतली बाई आहे ना, ती खाली बसून रडायलाच लागली, आणि मला तिचाच राग आला. रडायचं तर मी रडायचं. परीक्षक बाईंनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. नव्या बाईंना म्हटलं, पुढे या, पाचवं साधा पाय उचलून घ्या. तिने घेतलं. चांगलं घेतलं, मेलीने.

किल्ल्या तिला दिल्या. सोमवारी डॉक्टर.

तुझ्या हाताची माफी मागायला शब्द शोधतेय, सापडला की लिहीन. ठोंब्याला आता सांग. येऊ नको म्हणावं, आधी तपासण्या होऊ देत.

तुझी वन्सं


४ मे

खडू,

तेच आहे. कंपवात. बाबांचंच.

डॉक्टर तरुण आहेत, फार समजावून बोलतात. लवकर लक्षात आलं म्हणाले. औषधं आता पूर्वीपेक्षा बरी आहेत, हळू जाईल म्हणाले. चालत राहा, तालावर चालाल तर उत्तमच, असंही म्हणाले. मी हसले तर त्यांना कळेना का हसते.

दिवसा ठीक असते. सकाळी सहाला उठून बसते आणि कुठे जायचं नसतं.

एक मागणं आहे. बाबांचं शेवटचं मी पाहिलंय, तेच डोळ्यांसमोरून हलत नाही. पहिलं वर्ष मी नीट पाहिलेलं नाही. तू रोज पाहत होतीस. पहिल्या वर्षी बाबांना काय काय जमत होतं, ते सगळं लिही. जमत नव्हतं ते नको. नुसतं जमत होतं ते. अगदी बारीकसारीक लिही, मी त्यावर दिवस काढीन.

वन्सं


८ मे

वन्सं,

तुमचं पत्र आज पुन्हा आम्ही दोघांनी मिळून वाचलं. हे गॅलरीत जाऊन उभे राहिले, अजून तिथेच आहेत.

डाव्या हाताने सावकाश लिहितेय. तुम्ही मागितलंत आणि मी देऊ शकत नाही, म्हणून दोन दिवस पेन उचललं नाही.

पहिल्या वर्षी बाबांना काय जमत होतं ते मला माहीत नाही, वन्सं. मला ते दुखणं आहे हेच माहीत नव्हतं. पाय घासत चालायचे तर मला वाटायचं आळस. मी रोज ओरडायचे. ‘बाबा, पाय उचलून चाला, फरशीवर रेघा उठतात.’ कामावरून दमून यायचे आणि दारातूनच ओरडायचे. शर्टाची बटणं लावायला वेळ लागला की हातातून ओढून मीच भराभर लावायचे. दाराची बेल वाजली की ते उठायचे, त्यांना दार उघडायला फार आवडायचं, आणि ते अर्ध्या वाटेत असतानाच मी पुढे धावून उघडायचे. ते म्हणायचे, ‘आलो होतो गं.’ मी म्हणायचे, ‘बसा तुम्ही.’

वर्षभर मी त्यांना बसा बसाच म्हटलं. मग एक दिवस ते खरंच बसले. नंतरची सहा वर्षं मी जे केलं त्याचं सगळे कौतुक करतात, तुम्हीही केलंत. ती सहा वर्षं मी ते पहिलं वर्ष फेडत होते. हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. तुमच्या पायाबद्दल इतकी जीव तोडून मागे लागले ती यासाठी. उट्टं नव्हतं.

म्हणजे त्यांना जमत असणार, वन्सं. बटणं जमत असणार, दार जमत असणार. मीच कधी थांबले नाही.

हाताला प्लॅस्टर आहे, सुट्टी आहे, कात्री धरायची नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येते, एकटीच. बेल वाजवीन. दार तुम्हीच उघडायचं. शेजारणीला पाठवू नका, कडी आधी काढून ठेवू नका. किती का वेळ लागेना, मी बाहेर उभी आहे.

तुमची खडू